रेडिओलहरी : सर्वांची सामायिक ठेव

गावचे गायरान कोणा एकाच्या मालकीचे नसते; परंतु त्याच्या वापरास शिस्त नसेल, तर ते कोणाच्याच उपयोगी पडत नाही. रेडिओलहरींचेही तसेच आहे. नभोवाणी, भ्रमणध्वनी, विमानांचे दळणवळण आणि पोलिसांची बिनतारी यंत्रणा या साऱ्यांची भिस्त याच लहरींवर असते. गायरान चरून संपते. लहरी मात्र वापराने झिजत नाहीत. तथापि एकाच परिसरात, एकाच वेळी, एकाच कंप्रतेवर दोन प्रक्षेपक सुरू झाले, तर संदेश परस्परांत मिसळतात आणि एकही धड ऐकू येत नाही.

हा व्यत्यय जिवावर बेतू शकतो. १५६.८ मेगाहर्ट्झ ही कंप्रता, म्हणजेच सागरी वाहिनी १६, संकटसंदेश व प्रथम संपर्क यांसाठी जगभर राखून ठेवलेली आहे. वादळात सापडलेली कोकणातील मच्छीमार नौका बिनतारी संचावरून याच वाहिनीवर मदत मागते. तेथे कोणी गप्पा मारीत राहिल्यास ती हाक कोणाच्या कानी पडावी?

लहरींना देशांच्या सीमा ठाऊक नसतात. म्हणून कोणते कंप्रतापट्टे कोणत्या सेवेसाठी वापरावेत, हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमांनुसार ठरते. भारतात १९३३ च्या कायद्याने परवान्याविना बिनतारी यंत्रे बाळगण्यास मनाई केली. कंप्रतांच्या नियोजनासाठी १९५२ मध्ये केंद्र शासनाचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला.

शासनही या लहरींचे मालक नसून विश्वस्त आहे. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ या पद्धतीने २००८ मध्ये दिलेले १२२ दूरसंचार परवाने याच न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी रद्द ठरविले. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमानुसार लिलाव हा वाटपाचा सर्वसाधारण मार्ग आहे. संरक्षण, आपत्ती व्यवस्थापन, हवामान अंदाज यांसारख्या कार्यांसाठी मात्र लहरी लिलावाविना देता येतात.

नियमनाची ही घडी नागरिकांच्या सहकार्यावाचून टिकणार नाही. घरात भ्रमणध्वनीचा संकेत क्षीण येतो म्हणून कोणी विनापरवाना संकेतवर्धक बसविल्यास शेजारच्या अनेक घरांची सेवा विस्कळीत होते. त्यांतील एखाद्या घरातून त्याच क्षणी रुग्णवाहिकेसाठी दूरध्वनी केला जात असेल, याचे भान प्रत्येकाने ठेवणे अगत्याचे आहे.