गोमंतकांतील बेटें आणि त्यांचीं पैलतीरींचीं देवस्थानें

कोल्हापुराहून गगनबावडा, फोंडा किंवा आंबोली यांपैकीं कोणत्याहि घाटानें उतरून गोमंतकांत जाणाऱ्या प्रवाशास हल्लीं मार्गदर्शक पुस्तकांची वाण नाहीं. या पुस्तकांत समुद्रकिनारे, जुन्या गोव्याचीं चर्चें आणि फोंडें महालांतील देवळें अशीं तीन प्रकरणें बहुधा असतात, व तीं एकमेकांशीं कांहीं संबंध नसल्याप्रमाणें लिहिलेलीं असतात. किनाऱ्यांविषयीं प्रस्तुत लेखकास कांहीं सांगावयाचें नाहीं. परंतु उरलेलीं दोन प्रकरणें निरनिराळीं वाचल्यानें इतिहासाच्या अभ्यासकाची मोठी फसगत होते. तिसवाडी, बारदेश व साष्टी या जुन्या महालांतील स्थळ आणि नदीपलीकडील देवस्थान हे पुष्कळ ठिकाणीं एकाच ताम्रपटाचे दोन पत्रे आहेत. कडी तुटून ते दोन घरीं गेले आहेत इतकेंच. ते एकत्र ठेवून वाचावे एवढ्यासाठीं हा लेख आहे.

प्रथम 'बेट' या शब्दाविषयीं. 'द्वि' व 'अप्' यांच्या समासांत 'अप्' च्या अकारास ईकार होऊन 'द्वीप' शब्द सिद्ध होतो, व ज्याच्या दोहों बाजूंस पाणी तें द्वीप एवढाच त्याचा व्युत्पत्तिसिद्ध अर्थ आहे. शके ५३२ च्या गोवें ताम्रपटांत सत्याश्रय ध्रुवराज इंद्रवर्मा रेवतीद्वीपांत राहून कारभार पाहत असल्याचें आलें आहे, आणि चालुक्य मंगलेशानें रेवतीद्वीप जिंकल्याचा उल्लेख ऐहोळेच्या शके ५५६ च्या प्रशस्तींत आहे. हें रेवतीद्वीप म्हणजे वेंगुर्ल्याच्या दक्षिणेचें रेडी असें विद्वान् मानतात. रेडी तर चारी बाजूंनीं पाण्यानें वेढलेलें नाहीं. हाच न्याय गोव्यास लावावा. मांडवी व जुवारी यांच्या मध्यें असलेली तिसवाडी हें खरोखरीचें बेट आहे, कारण पूर्वेकडून कुंभारजुव्याची खाडी या दोन्ही नद्यांस जोडते. तिच्या उत्तरेस मांडवीच्या पात्रांत दिवाडी, चोडण व जुवें हीं धाकटीं बेटें आहेत. पोर्तुगीज अमलांत या महालास 'इल्यश' म्हणजे 'बेटें' असेंच नांव होतें. बारदेश व साष्टी यांस समुद्र व नद्या यांनीं वेढलें आहे, म्हणून व्युत्पत्तीच्या अर्थानें तींहि द्वीपेंच. या तिन्ही नांवांत जुनी मोजदाद शिल्लक आहे: तीस वाड्या, बारा देश व सहासष्ट गांव. (मुंबईजवळची साष्टी निराळी, पण तेथेंहि आंकडा तोच.)

आतां स्थळांकडे वळूं. प्रवाशाची पहिली चूक गोव्याच्या नांवापासूनच होते. नकाशावर एक 'वेल्ह गोवें' आहे व एक 'गोवें वेल्ह' आहे. अर्थ दोहोंचा एकच, विशेषण मागें किंवा पुढें आलें आहे एवढेंच. पण हीं नगरें दोन आहेत. मांडवीच्या कांठचें वेल्ह गोवें म्हणजे पूर्वीची एला, आदिलशाहीचें बंदर. आफोंसो द अल्बुकेर्कनें तें सन १५१० मध्यें घेतलें व सन १८४३ मध्यें राजधानी पणजीस जाईपर्यंत तें पोर्तुगीजांचें राजनगर होतें. सर्व यात्रा जाते ती येथें. सेंट झेवियरचा देह ज्यांत ठेवला आहे तें बॉं जेझूचें चर्च सन १६०५ मध्यें पूर्ण झालें. येथील चर्चांची गणना सन १९८६ पासून जागतिक वारशांत होते, व तीं पाहण्यासारखीं आहेत यांत संशय नाहीं. मात्र तेथें गेलेल्या मंडळींनीं आणखी दोन गोष्टी पाहाव्या. सेंट कायतानच्या चर्चजवळ आदिलशाही वाड्याच्या दरवाज्याचा म्हणून काळ्या दगडाचा एक सांगाडा उभा आहे. त्याचें कोरीव काम एखाद्या देवळास शोभावें असें आहे. दुसरी गोष्ट म्हणजे सेंट फ्रान्सिसच्या मठांतील पुराणवस्तुसंग्रहालय. तेथील वीरगळ व सतीचे दगड पाहिल्यावांचून या नगराची खालची तळी दिसत नाहीं.

जुवारीच्या कांठचें गोवें वेल्ह मात्र गोव्याच्या कदंबांची राजधानी गोपकपट्टण होय. चंद्रपूर म्हणजे साष्टींतील आजचें चांदोर; तेथून पहिल्या जयकेशीनें अकराव्या शतकांत राजधानी येथें आणली. आम्हां करवीरकरांस या जागेचें अगत्य विशेष असावें, कारण कोल्हापूरच्या शिलाहार विजयादित्यानें ठाण्याच्या व गोव्याच्या राजांस पुनः स्थापिल्याचें त्या घराण्याच्या लेखांत अभिमानानें सांगितलें आहे. आज तेथें पाहण्यासारखें थोडें उरलें आहे: नदीकांठीं बंदराच्या बांधकामाचे अवशेष, व जवळच पिलारच्या मठांतील लहानसा संग्रह. चांदोर येथेंहि फादर हेरास यांनीं खणून काढलेल्या शिवालयाचा पाया व शिर नसलेला नंदी यांपलीकडे फारसें कांहीं नाहीं. परंतु ज्यास शिलालेखांतील राजधान्यांची नांवें तोंडपाठ आहेत, त्यानें या दोन जागीं अर्धा अर्धा दिवस घालवावा.

माझ्या मतें सर्वांत अधिक शिकविणारें स्थळ म्हणजे दिवाडी. जुन्या गोव्याहून तरीनें पांचसात मिनिटांत पलीकडे जातां येतें. मी व माझे एक निवृत्त सहशिक्षक असे दोघे पावसाळा संपतांच गेलों होतों. भाताचीं खाचरें पिकलेलीं होतीं व तरींत यात्रेकरूंपेक्षां मोटरसायकलीच अधिक होत्या. टेंकडीवर पियेदादचें चर्च आहे. त्याच्या स्मशानांतील लहानशा मंदिरवजा खोलीचें दगडी छत कदंबकालीन कोरीव कामाचें आहे, तें अवश्य पाहावें. या टेंकडीवरचा गणपति नदीपलीकडे गेला व फिरत फिरत शेवटीं खांडोळ्यास स्थिर झाला. बेटाच्या दुसऱ्या टोंकास नार्वें आहे. कदंबांचें कुलदैवत श्रीसप्तकोटीश्वर तें येथलें. कदंब राजे आपल्या लेखांत व सोन्याच्या नाण्यांवर सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचें बिरुद मिरवीत. ज्या संग्राहकांपाशीं सिंहाची मुद्रा असलेलें तें नाणें असेल, त्यांनीं त्यावरील देव कोणत्या भूमीचा हें येथें येऊन पाहावें. बहामनी अमलांत देवालय मोडलें, विजयनगरच्या माधव मंत्र्यानें चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तें पुनः उभें केलें, आणि सन १५४० मध्यें बेटांतील देवळें पाडलीं गेलीं त्यांत तेंहि गेलें. त्या स्थळीं आज तळीचे व बांधकामाचे अवशेष तेवढे आहेत.

आतां याच नार्व्याच्या धक्क्यावर पुनः तरींत बसावें. समोरच्या डिचोली महालांतील ज्या गांवीं आपण उतरतों त्याचेंहि नांव नार्वें! देव नदीच्या रुंदीइतकाच सरकला आणि गांवाचें नांव बरोबर घेऊन गेला. तेथील देवालयाच्या दारावर, कीलक संवत्सर शके १५९०, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार, या दिवशीं शिवाजीमहाराजांनीं देवालयाचा प्रारंभ केला असा संस्कृत लेख आहे. त्यांतील 'श्रीशिवराज्ञा' हें पद मी शाळेंत असतांना वरच्या वर्गांतील मुलांपुढें ठेवीत असें. तत्पुरुषाच्या अंतीं 'राजन्' शब्द अकारान्त होतो, तेव्हां पाणिनीच्या नियमानें 'शिवराजेन' असें व्हावें. लेख रचणाऱ्यानें तसें केलें नाहीं, परंतु अर्थाविषयीं कोणास संशय पडत नाहीं. या देवालयाचा जीर्णोद्धार होऊन सन २०२३ मध्यें तें पुनः खुलें झालें. दिवाडीवरील नार्वें न पाहतां येथें येणारास ही १६६८ ची एक सुबक इमारत वाटते. तें पाहून येणारास सहा शतकांची कथा वाचतां येते.

नदीपलीकडेच देव कां गेले याचें कारण राजकीय आहे. बारदेश व साष्टी सन १५४३ मध्यें पोर्तुगीजांकडे गेलीं. अंत्रुज म्हणजे आजचा फोंडें महाल मात्र त्या काळीं आदिलशाहींत होता, पुढें मराठ्यांच्या व सोंधेकरांच्या ताब्यांत राहिला, व पोर्तुगीजांस मिळाला तो सन १७६३ मध्यें. दोन राज्यांची सीमा म्हणजे ही खाडी. कुशस्थळीचा, म्हणजे कुठ्ठाळीचा, मंगेश सन १५६० मध्यें रात्रीच्या वेळीं प्रियोळास नेला, अशी परंपरा आहे. सन १५६७ मध्यें साष्टींतील देवळें सरसकट पाडलीं गेलीं. केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास, रायची कामाक्षी शिरोड्यास, चोडणची देवकीकृष्णाची मूर्ति शेवटीं माशेलास गेली. म्हणून फोंड्याच्या पांचसात कोसांत इतकीं थोर देवस्थानें दाटीनें उभीं दिसतात. तीं तेथें उपजलीं नाहींत, आश्रयास आलीं आहेत. त्यांच्या आजच्या इमारती बहुतेक अठराव्या शतकांतील व पुढच्या आहेत. कवळ्याचें देवालय शाहूमहाराजांचे मंत्री नारोराम यांच्या खटपटीनें झालें, व मंगेशास पेशव्यांनीं सन १७३९ मध्यें गांव इनाम दिला. दीपमाळा, घुमट व तळीं यांच्या या नव्या घडणीवरून देवतांचें वय ठरवूं नये.

मात्र सर्वच देवळें अशीं आलीं असें समजणें हीहि तितकीच चूक होईल, व ती करणारे मला भेटले आहेत. बांदिवड्याचा नागेश मूळचाच तेथला. विजयनगरच्या देवरायाच्या काळचा शके १३३५ चा शिलालेख त्याच्या आवारांत आहे. तसेंच सह्याद्रीच्या पायथ्याच्या अरण्यांतील तांबडी सुर्लचें महादेवाचें देऊळ. गोव्याचा दगड जांभा, आणि हें देऊळ काळ्या दगडाचें. रस्त्यापासून दूर राहिल्यानें कदंबकाळचें हें एक देऊळ जागच्या जागीं वांचलें. कदंबांची शिल्पपद्धति कशी होती हें दिवाडीच्या छताच्या तुकड्यावरून जें ताडावें लागतें, तें येथें सबंध पाहावयास मिळतें. सत्तरींत ब्रह्म करमळी म्हणून गांव आहे. येथील ब्रह्मदेव तिसवाडींतील करमळीहून आला, व नार्व्याप्रमाणेंच गांवाचें नांवहि सोबत आलें.

आमच्या वाचकांचा खरा विषय म्हणजे कागद व पोथ्या. त्यांचीहि हीच गति झाली. सन १५५९ सालच्या एका जेझुइट पत्रांत दिवाडीवरील एका ब्राह्मणाच्या घरांतून पोथ्या उचलून नेल्याची हकीकत आहे. पोर्तुगालांतील ब्रागा येथील ग्रंथालयांत सोळाव्या शतकांतील कोंकणी व मराठी कथा-काव्यांचीं रोमन लिपींत उतरलेलीं हस्तलिखितें आहेत. त्यांकडे अनंत काकबा प्रियोळकर यांनीं महाराष्ट्राचें लक्ष वेधलें. त्यांत ज्याच्या श्रीकृष्णचरित्राची प्रत आहे तो कृष्णदास शामा शांतादुर्गेच्याच केळोशीचा, व त्याचा ग्रंथ शके १४४८ मधला, म्हणजे देवी तेथून हालण्यापूर्वीचा. पणजीच्या दप्तरखान्यांत, ज्याचा आरंभ सन १५९५ मध्यें दियोगु दु कोतु याच्यापासून झाला व ज्याची व्यवस्था पुढें पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं लावली, गांववार जमिनींच्या नोंदी आहेत. देवळाची इमारत पडली तरी त्याच्या दिव्याबत्तीच्या जमिनीचें नांव या नोंदींत राहिलें आहे, व त्यावरून मूळ जागा शोधतां येते.

तिसरें साधन मात्र आपल्याच घरांत आहे. गोमंतकांतून घाटावर आलेलीं घराणीं कोल्हापूर, बेळगांव व सांवतवाडी या भागांत पुष्कळ आहेत, व त्यांच्या दप्तरांत कुलदेवतेस पाठविलेल्या वर्षासनांच्या याद्या, पुजाऱ्यांचीं पत्रें व वंशावळी सांपडतात. अशा कागदांत देवाचें नांव आजच्या स्थळाशीं येतें आणि घराण्याचें नांव किंवा महाजनांचा हक्क मूळ गांवाशीं. दोन्ही नोंदी जशाच्या तशा उतरून घ्याव्या. एक चुकीची समजून दुसऱ्यावरून 'दुरुस्त' करूं नये. हें लिहिण्याचा अधिकार मला माझ्याच चुकीनें मिळाला आहे. वीस एक वर्षांपूर्वीं येथील एका घरचें बाड मला यादी करण्यासाठीं मिळालें होतें. त्यांतील एका मोडी कागदावर देवीच्या नांवावांचून नुसतें "देवीचे केळोसी" असें होतें. दापोलीजवळच्या केळशीस महालक्ष्मीचें देवालय आहे, तेवढ्यावरून मीं यादींत "केळशी, रत्नागिरी जिल्हा" अशी टीप लिहिली. पुढें कवळ्यास गेलों असतां, याद्यांतलींच आडनांवें तेथील महाजनांच्या फलकावर वाचून माझी चूक माझ्या ध्यानांत आली. परत येऊन पाहतों तों तें बाड माझ्या यादीसह विकलें गेलें होतें. बारीक दोऱ्यानें बांधलेला, जांभळ्या शाईच्या माझ्या टिपांचा तो रुमाल ज्या कोणा संग्राहकाकडे असेल, त्यानें सातव्या कागदावरील 'केळशी' खोडून तेथें 'केळोशी, साष्टी' असें लिहावें, व शक्य असल्यास त्या कागदाची नक्कल मंडळाकडे पाठवावी.