वलगणीची वाट

मृगाचा पाऊस नीट लागला, ओढे गढूळ होऊन धावू लागले, की शहापूर-मुरबाडच्या गावांत रात्री एकच बातमी फिरते: वलगण लागली! उन्हाळाभर डोहात तग धरून राहिलेले मासे पोटात अंड्यांची गाभोळी घेऊन धारेच्या उलट निघतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून चरात आणि चरातून थेट भातखाचरात.

काळोखात, गढुळात त्यांना वाट कशी सापडते? माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक संवेदनशील रेषा असते. पाण्याची बारीकशी हालचालही तिला जाणवते, म्हणून डोळ्यांना काही दिसत नसतानाही धार कुठून येते ते माशाला कळतं. पाणी गार होतं, लोंढा वाढतो आणि त्या इशाऱ्यावर शरीरातल्या ग्रंथी अंडी पिकवतात. जागेची निवड तर थक्क करणारी! खाचरातलं पाणी उथळ, उबदार, सूक्ष्म जीवांनी भरलेलं असतं आणि मोठे शिकारी मासे तिथे फारसे पोचत नाहीत. पिलं तिथे वाढतात आणि पाऊस ओसरताना उतरत्या पाण्याबरोबर नदीला मिळतात.

अहीर या माशाचं सगळं उलट. तो वाढतो नदीत, पण अंडी घालायला समुद्रात जातो, आणि त्याची काचेसारखी पारदर्शक पिलं खाडीतून पुन्हा नदी चढतात. ओल्या, खडबडीत दगडावरून सरपटत चढण्याइतकी ती चिवट असतात.

पण भातसा धरणाची भिंत ८८ मीटर उंच आहे. तानसाचं धरण तर १८९२ पासून उभं आहे. अमेरिकेत क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२४ मध्ये पाडून झाली आणि शंभराहून अधिक वर्षांनी सामन मासे काही आठवड्यांतच वरच्या पात्रात पोचले. इथे तसं होणार नाही. मुंबईची तहान भातसा-तानसावर भागते. सामनसाठी बांधतात तशी पायऱ्यांची मत्स्यशिडीही आपल्या बोटभर माशांना झेपायची नाही.

करण्यासारखं आहे ते खाली, छोट्या बंधाऱ्यांवर. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाआधी काढले तर पाण्याबरोबर माशांचीही वाट मोकळी होते. जिथे पाणी पक्क्या भिंतीवरून खाली कोसळतं, तिथे खालच्या अंगाला मोठ्या दगडांचा सौम्य उतार रचला, की दगडांआड दम घेत घेत बारका मासाही वर जातो. याला फार मोठा खर्च नाही, पण बंधाऱ्याच्या आराखड्यात माशाचा विचार आधीपासून हवा. वलगणीला मासे धरणाऱ्यांनीही पहिल्या रात्री गाभोळीचे थोडे मासे वर जाऊ द्यावेत. पुढच्या वर्षीची वलगण त्यांच्याच पोटात असते.

आणि मुरबाडची काळू नदी. तिच्यावरच्या मोठ्या धरणाचं काम २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबलं. प्रकल्पाची चर्चा पुन्हा पुन्हा डोकं वर काढते. तुटलेली वाट जोडण्यापेक्षा असलेली राखणं कितीतरी सोपं. काळू मोकळीच राहू द्यावी.