एक इंजिन, दोन आकडे

१९७० साली अमेरिकेत शेव्हर्लेची ‘शेव्हेल एसएस ४५४’ ही गाडी घ्यायला जाणाऱ्याला आधी एक गोष्ट ठरवावी लागे : इंजिन कोणतं? ४५४ हा आकडा इंजिनाच्या आकारमानाचा, घन इंचांमधला. आपल्या भाषेत सांगायचं तर सुमारे ७,४०० सीसी. मारुती ८००चं इंजिन ७९६ सीसीचं होतं. म्हणजे एका बॉनेटखाली नऊ मारुती!

पण या ४५४चे प्रकार दोन. ‘एलएस-५’ची अश्वशक्ती ३६०, तर ‘एलएस-६’ची ४५०. आकारमान तेच, सिलिंडर आठच. मग हे जास्तीचे नव्वद घोडे आले कुठून?

इंजिन म्हणजे मुळात हवेचा पंप. जितकी हवा आत जाईल तितकंच पेट्रोल नीट जळेल. एलएस-६ला कार्बोरेटर मोठा होता, हवा आत नेणाऱ्या वाटा रुंद होत्या. सिलिंडरमध्ये मिश्रण दाबण्याचं प्रमाण एलएस-५मध्ये सव्वादहास एक, तर एलएस-६मध्ये सव्वाअकरास एक. शिवाय तिचे टॅपेट वेगळ्या पद्धतीचे असल्यामुळे इंजिन जास्त फेऱ्यांपर्यंत पळवता येई. अर्थात हे फुकट नव्हतं. टॅपेटमधली फट वरचेवर जुळवून घ्यावी लागे आणि पेट्रोलही उंची लागे. रोज कामावर जाणाऱ्याला एलएस-५ सोयीची; शर्यतीच्या शौकिनाला एलएस-६.

मोठं इंजिन म्हणजे जास्त ताकद, हा समजही नेहमी खरा ठरत नाही. त्याच वर्षीची ‘प्लिमथ रोड रनर’ पाहा. तिच्यात तीन कार्बोरेटरचं ४४० घन इंचांचं इंजिन ३९० अश्वशक्तीचं होतं. त्याहून लहान, ४२६ घन इंचांचं ‘हेमी’ मात्र ४२५चं. हेमीचं ज्वलनकक्ष अर्धगोलाच्या आकाराचं. त्यामुळे दोन्ही व्हॉल्व्ह समोरासमोर आणि मोठ्या आकाराचे बसवता येत. श्वास मोकळा, म्हणून ताकद जास्त.

आता खरी गंमत. हे सारे आकडे ‘ढोबळ’ होते. इंजिन गाडीबाहेर काढून, पंखा, हवेची गाळणी, नेहमीचा सायलेन्सर असं काहीही न लावता मोजलेले. पुढे इंजिन गाडीत असतं तसं, सगळा सरंजाम लावून मोजायची पद्धत आली. तो ‘निव्वळ’ आकडा. १९७१ साली एलएस-५चे दोन्ही आकडे दिले गेले : ढोबळ ३६५, निव्वळ २८५. इंजिन तेच आणि फरक ऐंशी घोड्यांचा! हेमीचेही तसेच, ४२५ आणि ३५०.

१९७२मध्ये शेव्हेलच्या ४५४चा एकच आकडा छापला गेला : २७०, निव्वळ. म्हणून १९७०चे ३६० आणि १९७२चे २७० शेजारी ठेवून ‘दोन वर्षांत नव्वद घोडे गेले’ असं म्हणणं चुकीचं. निव्वळाशी निव्वळ ताडला तर १९७१ ते ७२ मधली घट पंधराच घोड्यांची. कमी शिशाच्या पेट्रोलवर गाडी चालावी म्हणून १९७१मध्येच दाबाचं प्रमाण साडेआठास एकवर आणलं होतं. पण दाब घटूनही शेव्हेलच्या एलएस-५चा ढोबळ आकडा त्या वर्षी ३६०वरून ३६५ झाला होता. हे आकडे किती सैल होते, ते यावरून कळावं.

आज हे सांगायचं कारण पैशाचं आहे. जुन्या गाड्यांच्या बाजारात एलएस-६ची शेव्हेल एलएस-५हून कितीतरी महाग विकली जाते. पण १९७०च्या शेव्हेलच्या चॅसिस क्रमांकावरून एवढंच समजतं, की गाडीत आठ सिलिंडरचं इंजिन होतं. आठातलं नेमकं कोणतं, ते नाही. म्हणून साध्या गाडीत मोठं इंजिन बसवून ती अस्सल म्हणून खपवणं सोपं जातं. प्लिमथच्या क्रमांकात मात्र इंजिनाचं अक्षर असे; १९७०च्या हेमीचं ‘आर’. शेव्हेल घेणाऱ्याने इंजिनावर ठोकलेला संकेत आणि कारखान्यातला मूळ कागद, दोन्ही ताडून पाहावेत. कागद नसेल, तर किंमत साध्या गाडीचीच द्यावी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)