लॅपटॉपला घाम येत नाही

कृष्णेला २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये महापूर आला. नदीची पातळी अमुक फूट झाली तर सांगलीच्या कोणत्या गल्लीत किती पाणी चढेल, याचा हिशोब संगणकावर करता येतो. त्यासाठी शहराच्या नकाशाचे लाखो लहान चौकोन पाडतात. पाणी एका चौकोनातून शेजारच्या चौकोनात किती गेले, हे क्षणाक्षणाला मोजत जातात. असे गणित तासन्‌तास चालते आणि तेवढा वेळ प्रोसेसरला क्षणाची उसंत नसते. चित्रफितीचे संपादन किंवा ड्रोनने काढलेल्या शेकडो फोटोंचा एक नकाशा जुळवणे, ही कामेही त्याच जातीची. पत्र टाइप करणे किंवा गुणपत्रके भरणे या जातीत बसत नाही.

अशा जड कामासाठी शाळेने किंवा कनिष्ठ महाविद्यालयाने ‘शक्तिशाली’ लॅपटॉप घेतला, तर तो एप्रिलच्या दुपारी सांगलीत तग धरेल का? लॅपटॉपची पाठ तापते हे सर्वांना माहीत आहे, पण तापल्यावर नेमके काय बिघडते हे सहसा कोणी विचारत नाही. शाळेतील उष्णतेच्या धड्यांवर याचे उत्तर निघते, म्हणून हा हिशोब वर्गात करून पाहण्यासारखा आहे.

आधी मुलांना चार्जरवरची बारीक अक्षरे वाचायला सांगा. साध्या लॅपटॉपच्या चार्जरवर २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर असे काही असते. गुणाकार ६५ वॅट. शक्तिशाली लॅपटॉपच्या चार्जरवर हाच गुणाकार २३० वॅटपर्यंत जातो. हा आकडा कमाल क्षमतेचा आहे. जड काम चालू असताना यंत्र सुमारे १५० वॅट खाते असे धरू. ही वीज जाते कुठे? पंपाची वीज निदान पाणी वर चढवते. संगणक काहीच उचलत नाही. पडद्याचा प्रकाश आणि थोडा आवाज सोडला तर आत गेलेल्या जवळजवळ सगळ्या विजेची उष्णता होते. जुने ६० वॅटचे अडीच दिवे एका वहीएवढ्या डब्यात कोंडून पेटवावेत, तसा हा प्रकार आहे.

पण खरी अडचण एकूण उष्णतेची नाही, ती किती लहान जागेतून निघते याची आहे. १००० वॅटच्या इस्त्रीचा तळ सुमारे २०० चौरस सेंटीमीटर असतो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ५ वॅट. प्रोसेसरची सिलिकॉनची चकती जेमतेम दोन चौरस सेंटीमीटरची आणि तिच्यातून ८० वॅट निघू शकतात, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ४० वॅट. इस्त्रीच्या आठपट! ही उष्णता तिथून त्वरित हलवली नाही तर चकती काही सेकंदांतच तिच्या मर्यादेला पोहोचते. बहुतेक प्रोसेसरची ही मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते.

उष्णता हलवण्याची युक्ती कृष्णाकाठच्या मुलांना समजावणे सोपे आहे, कारण तिचे मोठे भावंड साखर कारखान्यात असते. कारखान्यात उसाचा रस आटवताना भांड्यातील हवेचा दाब कमी करतात. दाब कमी झाला की रस शंभर अंशांच्या बऱ्याच खाली उकळतो आणि साखर करपत नाही. महाबळेश्वरला चहाचे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, त्याचेही कारण तेच. लॅपटॉपमध्ये तांब्याची एक चपटी, बंद नळी असते. तिच्यात थोडेसे पाणी घालून हवा काढून टाकलेली असते, त्यामुळे ते पाणी पुष्कळ कमी तापमानाला उकळते. नळीचे एक टोक प्रोसेसरवर टेकलेले असते. तिथे पाण्याची वाफ होते, वाफ दुसऱ्या टोकाकडे धावते, तिथे थंड होऊन तिचे पुन्हा पाणी होते आणि उष्णता त्या टोकाला मिळते. नळीच्या आतल्या भिंतीवर तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर असतो. समईच्या वातीत तेल चढते तसे त्या थरातून केशाकर्षणाने पाणी परत प्रोसेसरकडे येते. या सगळ्याला पंप लागत नाही.

किती पाणी लागते ते पाहा. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० ज्यूल अप्रकट उष्मा शोषला जातो. एका नळीने ४८ वॅट, म्हणजे सेकंदाला ४८ ज्यूल, वाहून न्यायचे तर सेकंदाला एका ग्रॅमचा पन्नासावा भाग पाण्याची वाफ व्हायला हवी. अडीच सेकंदांना एक थेंब! एवढेच पाणी फिरत राहून एका बऱ्यापैकी दिव्याची उष्णता हलवते.

मात्र नळी उष्णता फक्त हलवते. ती शेवटी खोलीच्या हवेलाच द्यावी लागते आणि ते काम पंख्याचे. हवा आत येऊन २० अंशांनी तापून बाहेर पडते असे धरले, तर १५० वॅटसाठी सेकंदाला सुमारे साडेसहा लिटर हवा लागते. तासाचा हिशोब केला तर जवळजवळ २४ घनमीटर. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि नऊ फूट उंच खोलीत साधारण एवढीच हवा मावते. थोडक्यात, लॅपटॉप तासाभरात अख्ख्या खोलीची हवा नाकातून ओढतो आणि तिच्याबरोबर खडूची भुकटीही. गळीत हंगामात कारखान्याजवळच्या गावांत अंगणात बगॅसची काळी राख पडते, तीही यातलीच.

आता सांगलीचा उन्हाळा. न्यूटनच्या शीतलनाच्या नियमाप्रमाणे वाहून जाणारी उष्णता तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असते. खोली २५ अंशांना आणि चकती ९५ ला असेल तर फरक ७०. खोली ४० वर गेली की फरक ५५. पंखा तोच असेल, तर जिथे १५० वॅट बाहेर जात होते तिथे आता ११८ च जातील. छताचा पंखा लावून हे भागत नाही. पंख्याखाली आपल्याला बरे वाटते, कारण आपला घाम वाळतो. लॅपटॉपला घाम येत नाही. पंख्याचा वारा त्याला खोलीच्या तापमानाखाली कधीच नेणार नाही. ओला वाळ्याचा कूलर खोलीची हवाच थंड करतो, तेव्हा त्याचा उपयोग होतो, पण कोरड्या हवेतच. साताऱ्याच्या जुलैत तो निरुपयोगी ठरतो. ओले फडके यंत्रावर ठेवण्याचा उद्योग मात्र कोणी करू नये.

मग ११८ वॅटमध्ये यंत्र बंद पडते का? नाही. ते स्वतःच वेग कमी करते. यातील गंमत अशी, की प्रोसेसरची उष्णता त्याच्या वेगाच्या आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. वेग उतरवला की दाबही उतरवता येतो. दोन्ही सारख्याच प्रमाणात उतरले तर उष्णता वेगाच्या घनाप्रमाणे घटते. वेग ८० टक्के केला की उष्णता जवळजवळ निम्मी! उलट दिशेने, उष्णता ११८/१५० म्हणजे ७९ टक्क्यांवर आणायची तर वेग सुमारे ९२ टक्के पुरतो. तासाचे काम ६५ मिनिटांत होईल. प्रत्यक्षात दाब तितका खाली जात नाही, म्हणून तोटा थोडा अधिक होतो. तरीही पंधरा अंशांच्या उन्हाळ्याची ही किंमत मला फार वाटत नाही.

धुळीची किंमत जास्त आहे. जाळी तुंबून उष्णता वाहून नेण्याची क्षमता निम्मी झाली, तर तेच काम ७६ मिनिटांवर जाते. तुंबलेली जाळी आणि ४० अंशांची खोली एकत्र आली तर ८२ मिनिटांवर. गोधडीवर ठेवलेला लॅपटॉपही जाळी तुंबलेल्या यंत्रासारखाच. त्यामागे दोन पेन्सिली लावून तो उचलला तरी फरक पडतो.

मुले हमखास विचारतील, महाबळेश्वरला नेला तर? तिथली उंची सुमारे १३७० मीटर, सांगलीची साडेपाचशे. वर हवा नऊ-दहा टक्के विरळ, म्हणून पंख्याच्या प्रत्येक फेऱ्यात कमी हवा हाती लागते. पण खोली २८ अंशांना असेल तर फरक ६७ मिळतो, सांगलीत ५५. विरळ हवेचा तोटा वजा जाता सुमारे दहा टक्के फायदाच उरतो.

दुकानातल्या प्रात्यक्षिकावर मात्र विसंबू नका. आतील तांबे-ॲल्युमिनियम तापायलाच थोडा वेळ लागतो. तेवढ्यात लॅपटॉप पूर्ण वेगाने धावून दाखवतो आणि खरा वेग नंतर दिसतो. त्याऐवजी एकच जड काम लागोपाठ पाच वेळा करायला लावा. प्रत्येक वेळी लागलेला वेळ आणि खोलीचे तापमान वहीत लिहा, आलेख काढा. हाच प्रयोग डिसेंबरात आणि एप्रिलमध्ये करा. पहिल्या आणि पाचव्या फेरीतील फरक विक्रेत्याच्या माहितीपत्रकात सापडत नाही.

काम रोज तासन्‌तास आणि एकाच टेबलावर होणार असेल, तर त्याच पैशांत मेजावरचा संगणक घ्यावा असे माझे मत आहे. त्याच्या खोक्यात मोठे पंखे आणि मोठे धातूचे पंख मावतात. महासंगणकांना तर हवाही पुरत नाही. पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’ थंड ठेवायला द्रव थेट प्रोसेसरपर्यंत फिरवतात. लॅपटॉप घ्यायचाच असेल, तर वीज गेल्यावर त्याच्याकडून जड कामाची अपेक्षा ठेवू नये. विमानप्रवासाच्या नियमांमुळे लॅपटॉपची बॅटरी सहसा १०० वॅट-तासांच्या आत ठेवतात. १५० वॅटने ती चाळीस मिनिटांत संपेल, म्हणून बॅटरीवर असताना यंत्र आपोआप शक्ती घटवते.

आणि उष्णतेने सर्वांत आधी झिजते ती हीच बॅटरी. प्रोसेसर नव्वद अंश वर्षानुवर्षे सोसतो. लिथियमची बॅटरी ४५ अंशांवर चार्ज करू नये असे सांगतात. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात खोलीची मर्यादाच ३५ अंश दिलेली असते. सांगलीत पत्र्याच्या वर्गखोलीत ती मर्यादा एप्रिलमध्ये सकाळी अकरालाच ओलांडली जाऊ शकते. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय सेटिंगमध्ये असेल तर ती चालू ठेवावी आणि पुराचे लांबलचक गणित संध्याकाळी सुरू करून रात्रभर चालवावे.