वास थांबला म्हणजे वायू गेला असे नव्हे

शेण, मूत्र व इतर सेंद्रिय पदार्थ हवेवाचून कुजू लागले, की त्यांतील गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. खनिज तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यांत ज्याच्यापासून कामगारांना जपावे लागते, तोच हा वायू गोबर गॅसच्या टाकीत व मळीच्या खड्ड्यातही असतो. म्हणून त्याचे गुणधर्म शेतकऱ्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

हा वायू रंगहीन असून हवेपेक्षा सुमारे १.२ पट जड आहे. त्यामुळे तो खड्ड्याच्या तळाशी साचतो. तो पाण्यातही विरघळतो. म्हणून वरून शांत दिसणारी मळी ढवळताच कोंडलेला वायू एकदम बाहेर पडतो. तांबे व चांदी त्याच्या संपर्काने काळी पडतात.

त्याला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत एका भागाहूनही कमी वायू असला तरी नाकास तो कळतो. परंतु हेच प्रमाण १०० भागांवर गेले, की काही मिनिटांत घ्राणशक्ती बधिर होते व वास येईनासा होतो. ५०० ते ७०० भागांस मनुष्य थोड्याच वेळात बेशुद्ध पडतो. १,००० भागांच्या सुमारास एकदोन श्वासांतच कोसळतो.

विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत येथे घातक ठरते. या वायूच्या प्राणघातक प्रमाणातही ज्योत विझत नाही. उलट टाकीतील ज्वालाग्राही मिथेन वायू पेट घेऊन स्फोट होण्याचा धोका असतो. तोंडावर बांधलेल्या ओल्या फडक्यानेही रक्षण होत नाही.

टाकीची सफाई यंत्राच्या साहाय्याने बाहेरूनच करावी. आत कोणी कोसळल्यास त्यामागे उतरू नये. वाचवावयास गेलेलाही प्राणास मुकतो. बाहेरून ताजी हवा सोडावी आणि तत्काळ १०१ वर अग्निशमन दलास व १०८ वर रुग्णवाहिकेस कळवावे. श्वसनयंत्र धारण केलेल्या प्रशिक्षित माणसानेच आत उतरावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट प्रत्येक संयंत्रधारकाच्या घरी, विशेषतः तरुण मुलांना, समजावून सांगावी.