घटस्फोटानंतर मूल कुणाकडे राहणार? ताबा, भेटी आणि सुट्ट्यांचं गणित समजून घ्या

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की कौटुंबिक न्यायालयांत सुट्टीच्या ताब्याचे अर्ज येऊ लागतात. पहिली आंघोळ आईकडे की बाबांकडे? भाऊबीज कुठे? नवरा-बायकोचं नातं संपतं, पण आई-बाबा हे नातं संपत नाही. म्हणूनच मुलाच्या ताब्याबाबत कायदा काय सांगतो, हे आधीच माहीत असलेलं बरं.

लहान मूल आईकडेच जातं का?

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ नुसार पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असतो. यातला ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द महत्त्वाचा. मुलाच्या हिताला बाधा येत असेल, तर न्यायालय वेगळा निर्णय देऊ शकतं. पाच वर्षांनंतर ताबा आपोआप वडिलांकडे जातो, हाही गैरसमजच. याच कायद्याचं कलम १३ सांगतं की, मुलाचं हित सर्वांत महत्त्वाचं. पगार कुणाचा जास्त, घर कुणाचं मोठं, एवढ्यावर निकाल लागत नाही. शाळा, आरोग्य, रोजची काळजी कोण घेतं, घरातलं वातावरण कसं आहे, हे सगळं पाहिलं जातं.

मुलाला विचारतात का?

हो. पालक व पाल्य कायदा, १८९० नुसार मूल समजूतदारपणे मत देण्याएवढं मोठं असेल, तर न्यायालय त्याचं मत विचारात घेऊ शकतं. त्यासाठी ठरावीक वय कायद्यात नाही. बहुतेकदा न्यायाधीश मुलाशी आपल्या दालनात एकट्याने बोलतात. मात्र, मुलाचं मत हाच अंतिम निकाल नसतो. पढवून आणलेलं मूल अनुभवी न्यायाधीशांच्या आणि समुपदेशकांच्या लक्षात येतं.

ताबा नसलेल्या पालकाचं काय?

त्याला भेटीचा अधिकार मागता येतो. यशिता साहू प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, आई आणि वडील दोघांचंही प्रेम मिळणं हा मुलाचा हक्क आहे. ताबा नसलेल्या पालकाला रोज ५ ते १० मिनिटं मुलाशी बोलता यावं, असंही न्यायालयाने म्हटलं. त्यामुळे व्हिडिओ कॉलची वेळही आदेशात लिहून घेता येते. घरात हिंसाचार झाला असेल, तर कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ खाली तात्पुरता ताबा मागता येतो. भेट मुलासाठी घातक वाटली, तर न्यायदंडाधिकारी ती नाकारू शकतात.

संमतीपत्रात काय लिहावं?

परस्पर संमतीने घटस्फोट घेताना ‘वडिलांना वाजवी भेट मिळेल’ एवढंच लिहिलं जातं आणि पुढची भांडणं तिथूनच सुरू होतात. समजा, आई पुण्यात, बाबा नाशिकला आणि मुलगी सात वर्षांची. मग इतकं स्पष्ट हवं:

- कोणता शनिवार-रविवार, किती वाजता न्यायचं, किती वाजता सोडायचं
- दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी. पहिला भाग कुणाचा, हे दरवर्षी आलटून-पालटून
- वाढदिवस, गणपती, शाळेचं गॅदरिंग, पालकसभा
- फी, क्लास, दवाखान्याचा खर्च कोण, किती आणि कधी देणार
- मूल आजारी पडल्यास भेट बदलण्याची पद्धत
- परदेश प्रवास, पासपोर्ट आणि शहर बदलण्यापूर्वी लेखी कळवणं

पोटगी थांबली म्हणून भेट बंद करता येते का?

नाही. पोटगी आणि भेट हे दोन वेगळे विषय आहेत. पोटगी थकली, तर वसुलीसाठी अर्ज करा. भेट नाकारली गेली, तर आदेशाच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जा. हिशेब आई-बाबांचा आणि दंड मुलाला, असं होऊ नये.

एकदा दिलेला आदेश बदलतो का?

बदलू शकतो. नोकरीची बदली, पुनर्विवाह, मुलाचं वाढतं वय अशी परिस्थिती बदलली की नव्याने अर्ज करता येतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ मध्ये घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानंतरही तशी सोय आहे. संयुक्त ताब्याची शिफारस विधी आयोगाने मे २०१५ मधल्या २५७व्या अहवालात केली होती.

आणि हे कायद्यात नाही, तरी पाळा

मुलाच्या हाती निरोप पाठवू नका. एकमेकांना थेट मेसेज करा. दोघांच्या मोबाइलवर एकच सामायिक कॅलेंडर ठेवा. ‘तिकडे काय काय झालं?’ अशी उलटतपासणी नको. बाबांकडून आलेली मुलगी हसत घरात शिरली, तर आईनेही हसावं. आईकडे परत जाताना ती रडली नाही, तर बाबांनी वाईट वाटून घेऊ नये. तिला दोन्ही घरं आपली वाटतायत, एवढाच त्याचा अर्थ.

(ही सर्वसाधारण माहिती आहे. धर्मानुसार वैयक्तिक कायदे वेगळे असू शकतात. आपल्या प्रकरणासाठी वकिलांचा सल्ला घ्या.)