शिवकाळातला एक दिवस

आम्हाला चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास आहे. महाराजांचा जन्म 1630 मध्ये शिवनेरीवर झाला, 1674 मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, हे आमच्या वर्गात सगळ्यांना पाठ आहे. पण तेव्हाचे लोक सकाळी उठून काय करत, ते कोणालाच सांगता येईना. गुरुजी म्हणाले, "उद्या पुस्तक नको. आपण करूनच बघू."

एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, तवा अर्धापूरला महाराजांचं राज्य कुठं होतं?" गुरुजी म्हणाले, बरोबर आहे, नांदेडचा भाग तेव्हा मोगलांकडे होता. पण जाते दोन्हीकडे सारखेच.

आधी घटिकापात्र केले. हे जुने घड्याळ. वाटीच्या बुडाला बारीक भोक पाडायचे आणि वाटी पाण्यावर सोडायची. पाणी हळूहळू आत येते आणि वाटी बुडते. ती बुडाली की एक घटका झाली. घटका म्हणजे 24 मिनिटे. दिवस-रात्र मिळून 60 घटका होतात. आम्ही जर्मनच्या वाटीला खिळ्याने भोक पाडले, तर ती चार मिनिटांतच बुडाली! सगळे लई हसले. मग दुसरी वाटी घेतली आणि सुईने भोक पाडले. ती 21 मिनिटांत बुडाली. भोकाला थोडे मेण लावले, तेव्हा कुठे जमले.

दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक पाण्यात कालवून शाई केली. बोरू तिरपा कापला. वहीच्या कागदावर शाई फुटली, हातावर मात्र छान बसली. गुरुजींनी सांगितले, इंग्लंडमधली मुलेसुद्धा त्यांच्या ट्यूडर राजांचा काळ (1485 ते 1603) असाच करून शिकतात. ती हंसाच्या पिसाने लिहितात.

मग जाते. वाटी पाण्यात सोडली आणि दळायला बसलो. ज्वारी जास्त घातली की जाते अडते, कमी घातली की दगडावर दगड घासतो. मुलांनीही दळले. घटका बुडाली तरी आमचे पीठ एका भाकरीचेसुद्धा झाले नव्हते, आणि तेही भरड. माझ्या तळहाताला फोड आला.

माझी आजी बघायला आली होती. ती खाली बसली, एका हाताने खुंटा धरला, दुसऱ्या हाताने वैरण घालत गेली. वाटी बुडायच्या आत परात भरत आली. आजी म्हणाली, "माय, तुमाला खेळ वाटायलाय. आमच्या घरात तेरा माणसं. पहाटं कोंबडं आरवायच्या आधी बसायचं. शाळंची घंटा व्हायची तवा मी जात्यावरच असायची." मी तिचा हात बघितला. आंगठ्याच्या खाली कातडे अजून जाड आहे. मी रोज तो हात धरते, पण कधी विचारलेच नव्हते.

दुपारी भाकरी आणि ठेचा खाल्ला. मिरचीसुद्धा आपली नाही बरं का! ती अमेरिकेतून पोर्तुगीज लोकांनी जहाजातून आणली. महाराजांच्या काळात ती येऊन पुष्कळ वर्षे झाली होती. चहा मात्र नव्हता, म्हणून गुरुजींनाही दिला नाही.

जाते अजून वर्गाबाहेर ओसरीवर आहे. पालकांनी एक घटका दळून बघावे. ज्वारी घरून आणावी, आमची संपली.